नारिंगी ठिपके

माझ्या नवऱ्याचा हात त्या गौतमी मानेच्या मागे आठवडाभरात एकदाही ब्रेकला लागला नाही, हे मला कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. धैर्यशीलचा फोन कट्ट्यावर पडला होता आणि आठवड्याचा नकाशा त्यावर आपोआप उघडला होता. वाठार फाटा ते कागल एमआयडीसी, सगळा हायवे हिरवागार. नावाला एक ठिपका नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात तो माझ्या मागे आला होता, तेव्हा हाच रस्ता गोवर आलेल्या पोराच्या पाठीसारखा दिसत होता. तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच त्याच्या ताटात वाढली.

आता हे ठिपके कसले, हे रोज हायवेने कामाला न जाणाऱ्यांना सांगायला हवं. पेट्रोल जाऊन इथेनॉल आलं. ऊस आमच्याच शिवारातला, तरी पंपावरचा भाव काही आमचा झाला नाही. चारचाकी दारात झाकून ठेवून माणसं पुन्हा मोटरसायकलवर आली आणि मोटरसायकलवरही आणखी कसं वाचेल ते बघू लागली. त्यातून दोर निघाला. सरकारी कागदावर त्याला ‘अनुगामी प्रणाली’ म्हणतात, पण ते नाव मी फक्त विम्याच्या माणसाच्या तोंडून ऐकलंय.

हायवेच्या वेगाला मोटरसायकलचं बरंचसं इंधन समोरची हवा फाडण्यातच जातं. पुढची गाडी हवा फाडत गेली की तिच्या पाठीशी घटकाभर एक पोकळी राहते, तिथं हवेचा दाब कमी असतो. दुसरी गाडी त्या पोकळीत शिरली की तिला फारशी हवा फाडावीच लागत नाही. शिवाय पोकळी भरून निघाल्यामुळे पुढच्या गाडीलाही मागे खेचणारा जोर कमी होतो, म्हणजे तिचंही थोडं वाचतं. सायकल शर्यतीतली मुलं हे पूर्वीपासून करत आली आहेत. अडचण एवढीच, की मागच्याला अगदी चाकाला चाक लावून जावं लागतं, आणि माणसाचा हात तेवढा चपळ नाही. पुढच्याने ब्रेक दाबलेला दिसून आपला हात हलेपर्यंत टक्कर झालेली असते.

दोर ते काम रेडिओलहरींनी करतो. पुढच्याने ब्रेकची मूठ आवळली, की त्याच्या चाकाला ब्रेक लागायच्या आत निरोप मागच्या गाडीला पोचतो आणि दोन्ही गाड्या एकदमच थांबतात. वेग, वळण, सगळं पुढच्याचं. मागच्याने नुसतं बसायचं. पण कायद्याने मागच्याच्या मुठीतला ब्रेक जिवंत ठेवलाय, माणसाला काही वेगळं दिसलं तर त्याला थांबता यावं म्हणून. तो दाबला की दोन गाड्यांमध्ये अंतर पडतं, पोकळी हातची जाते, पुन्हा जवळ यायला इंधन जळतं, आणि नकाशावर त्या जागी नारिंगी ठिपका उमटतो. दोर विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत एक हसरी बाई सांगते, ‘ठिपके कमी, भरवसा जास्त.’ ही बाई मला सुरुवातीला फार आवडायची.

“तिच्या मागं बरा हात आवरतोस की,” मी म्हणाले.

“कुणाच्या?”

“का? किती बायकांच्या मागनं जातोस?”

धैर्यशीलने करपलेली भाकरी उलटून पाहिली. “गौतमी सरळ चालवती गं.”

“आणि मी नागमोडी चालवते?”

“तसं म्हणालो का मी?”

“मग कसं म्हणालास?”

तो गप्प खात राहिला. भांडणात गप्प बसणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो, कारण दोघांचं मला एकटीलाच भांडावं लागतं.

आमच्या घरात पुढे कोण, हा प्रश्न कधी नव्हताच. आम्ही आयटीआयला एका वर्गात होतो. तेव्हा मी मोटरसायकलवर यायची आणि तो एसटीने. गाडी त्याला मीच शिकवली. नाव धैर्यशील, पण रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे बघून पुन्हा पहिल्या बाजूला बघणारा. तो पुढे असला की गाडी अशी रमतगमत चालते, की पोकळी तयारच होत नाही. मला मात्र वेग कळतो. ट्रॉली आणि दुभाजक यांच्यामधल्या फटीतून आपण जाणार की नाही, ते मला लांबूनच कळतं. म्हणून दोर आला तशी मी पुढे आणि तो मागे. आरशात त्याचं निळं हेल्मेट दिसायचं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ, आणि मला वाटायचं, माझा माणूस माझ्या आडोशाने चाललाय, याला वारासुद्धा लागत नाही. त्याचे ठिपके मी स्वभावावर ढकलले होते. भित्राच आहे, म्हणायची.

पण आमच्या गारमेंट कंपनीत पाळ्या बदलू लागल्या. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. तो फौंड्रीत इलेक्ट्रिशियन, त्याची सकाळ ठरलेली. माझ्या दुपारच्या आठवड्यात तो त्याच्याच फौंड्रीतल्या गौतमीच्या मागे जाऊ लागला, आणि तिथं हा भित्रा माणूस एकदाही घाबरत नव्हता. म्हणजे स्वभावाचा प्रश्न नव्हता. प्रश्न माझा होता.

पुढच्या दुपारपाळीच्या आठवड्यात मी सकाळीच वाठार फाट्यावर गेले. घरी सांगितलं, भाजी आणायला जाते. वाठारला आमच्या घरापासून भाजीसाठी कुणीही जात नाही.

फाट्यावरच्या टपरीपाशी सगळे दोर बांधतात. तिथं एक रीत पडली आहे. मागच्याचं इंधन जास्त वाचतं, म्हणून मागच्याने पुढच्याला चहा पाजायचा. दोराचा चहा म्हणतात त्याला. नवरा-बायकोत तो कुणी पाजत नाही, पैसे एकाच घरातले. मी पोचले तर धैर्यशील गौतमीला चहा देत होता. वर क्रीमरोल.

ती सुंदर असती तर मला निदान समजलं असतं. जाड भिंगाचा चष्मा, रेनकोटची विटलेली पँट, पाठीला डब्याची पिशवी. क्रीमरोल चहात बुडवून खात होती. मला बघून तिने तोंड पुसलं.

“या वहिनी! दादा लई सांगतेत तुमचं.”

दादा म्हणते. दादा म्हटलं म्हणजे झालं का?

“काय सांगतो?” मी विचारलं.

“गाडी कसली भारी चालवता ते. मला न्हाई बाई जमत तसं. मी आपली एका लेनला धरून चालणार.” मग हसून म्हणाली, “पण दादा लई गुणी हाईत हां मागं. हाईत का न्हाईत कळतसुदीक न्हाई.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मागे असताना दर मैलाला हा माणूस आहे हे मला कळत होतं. अंतर पडायचं, गाडी हिसका द्यायची, इंधनाच्या मीटरचा काटा वर चढायचा. आणि इथं म्हणे कळतसुद्धा नाही. ते दोघे निघाले. धैर्यशीलने जाताना हात केला. दोन गाड्या एकाच माणसाच्या असाव्यात तशा चढाला लागल्या. त्याची मान खाली होती, खांदे सैल सोडलेले. मी लग्नानंतर त्याचे खांदे इतके सैल कधी पाहिले नव्हते. भाजी न घेताच मी घरी आले.

रात्री मी सरळच विषय काढला. “ती आवडती काय तुला?”

“येडी झालीस?”

“मग तिच्यावर भरवसा हाय आणि माझ्यावर न्हाई, असंच ना?”

“भरवशाचा काय संबंध? हात जातो गं आपोआप.”

“तिच्या मागं का जात न्हाई?”

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आता वाटतं, त्याला तेव्हाच सांगायचं होतं. पण मी कुठली थांबतेय!

“हे बघ धैर्या, सोमवारपासनं माझी सकाळ हाय. आठवडाभर कोरा नकाशा दाखव मला. एक ठिपका दिसला, तर पुढनं तिच्याच मागं जायचं, कायमचं. माझ्या मागं यायची गरज न्हाई. मी एकटी जाईन आणि दुप्पट इंधन जाळीन.”

तो पंख्याकडे बघत पडून होता. “बघतो,” म्हणाला.

सोमवारी एमआयडीसीच्या गेटवर मी गाडी थांबवली, हेल्मेट काढायच्या आधी फोन काढला. हिरवागार! नागाव फाटा कोरा, पंचगंगेचा पूल कोरा, लक्ष्मी टेकडी कोरी. मी आनंदाने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. तो हसला आणि रुमालाने मान पुसत फौंड्रीकडे निघून गेला. पॅकिंगच्या बायकांना मी दिवसभर फोन दाखवत फिरले. “रुळला बाई हिचा नवरा शेवटी,” असं त्या म्हणाल्या, ते मी प्रत्येकीकडून पुन्हा म्हणवून घेतलं. संध्याकाळी गौतमीलाही नकाशा पाठवला. खाली काही लिहिलं नाही, नुसता नकाशा. तिचा अंगठा आला. तोही मला खुपला.

मंगळवार कोरा. बुधवार कोरा. मागून माझा माणूस डोळे झाकून येतोय म्हटल्यावर मला पंख फुटले. आधी ज्या फटीतून जाताना मी दोनदा विचार केला असता, तिथून आता बिनदिक्कत काढत होते. धैर्यशील मात्र उतरत चालला. ताटातला भात तसाच ठेवायचा, रात्री कूस बदलत राहायचा. मी ओळखलं. तिच्या मागे जायला मिळत नाही, म्हणून करमत नाही याला. मी मुद्दाम विचारायची, “काय, चहाची आठवण येती काय?” आणि तो माझ्याकडे असा बघायचा, की मला वाटायचं वर्मी लागलं.

शुक्रवारी नागाव फाट्यापाशी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन डावीकडून हायवेवर चढत होता. तो पुरता आडवा व्हायच्या आत मी निघेन, हे मला दिसलं. मी मूठ पिळली आणि निघाले. मी निघाले, पण दोर नाही निघाला. ट्रॅक्टरसारखं लोखंडी धूड अगदी खेटून आलं की कधीकधी लहरी तुटतात. त्याचंही ठरलेलं असतं. दोर सुटला की मागची गाडी मोकळी होते, मागच्याच्या कानात शिट्टी वाजते, त्याने ब्रेक दाबायचा आणि बाजूला थांबायचं. लहान मुलालाही जमेल. माझ्या कानात शिट्टी वाजली तेव्हा मी घाबरलेसुद्धा नाही.

मग मागून पत्रा घासल्याचा आवाज आला.

मी गाडी टाकून उलटी पळत गेले. धैर्यशीलने शेवटच्या क्षणी हँडल फिरवून ट्रॉली चुकवली होती आणि तो कडेच्या मुरमात जाऊन पडला होता. शुद्धीवर होता. डावा खांदा विचित्र खाली आला होता. ट्रॅक्टरवाल्याने आणि मी मिळून त्याला उठवून बसवलं. “ब्रेक का न्हाई दाबलास?” मी ओरडत होते. “आंधळा हाईस का? ब्रेक का न्हाई दाबलास?” त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

अँब्युलन्स येईपर्यंत मी त्याची गाडी रस्त्यातून काढायला गेले. गाडी उभी केली, उताराला सरकायला लागली म्हणून मूठ आवळली. गाडी थांबली नाही. पुन्हा आवळली. मूठ नुसतीच आवळली जात होती, आत काहीच लागत नव्हतं. शेवटी मी पाय रोवून, पोटाने रेटून गाडी धरली. या गाड्यांना दोन्ही चाकांचा ब्रेक एकाच मुठीत असतो, आणि ती मूठ म्हणजे तारेने संगणकाला जोडलेलं बटणच. मी सीट उचलली. मुठीकडून आलेली तार मध्येच कापून तिथं एक छोटा खटका बसवला होता. शेजारी एक बारीकसा रोधक, मूठ दाबलीच जात नाही असं संगणकाला भासवणारा. जोड इतके नेटके, त्यावर टेप इतकी सरळ गुंडाळलेली, की हे काम कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही.

दोर बांधताना खटका बंद, गेटवर पोचलं की चालू. सोमवारपासून तो रोज वाठार ते कागल माझ्या मागे, चाकाला चाक लावून, ब्रेकशिवाय आला होता.

दवाखान्यात त्याचा हात गळ्यात बांधला होता. सासूबाई डबा आणायला गेल्या तशी मी स्टूल ओढून बसले.

“मेला असतास तू.”

“व्हय.”

“एका नकाशासाठी?”

“तुला पायजे होता न्हवं,” तो म्हणाला. मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “हात थांबवून बघितला मी. न्हाई थांबत! मग काय करू? रोज घरात तीच गौतमी, तीच गौतमी. म्हटलं, तारच काढून टाकू.”

“आणि तिच्या मागं कसा थांबतो हात? ते सांग मला. आज सांगच.”

मला अजूनही तेच विचारायचं होतं. खांद्याचं हाड मोडून पडलेल्या माणसाला मी हेच विचारत होते.

“तिच्या मागं मी बघतच न्हाई गं पुढं,” तो म्हणाला. “कानात गाणी लावतो आणि मान खाली घालून बसतो. ती नीट चालवती, आणि पडली तर पडली. वाईट वाटंल, माणूस हाय. पण माझ्या काळजाचा ठोका कशाला चुकंल? तुझ्या मागं मान खालीच जात न्हाई. तू त्या ट्रॉल्यांच्या अंगाखालनं घुसतीस, आणि माझा हात आवळतो. मला ठाऊक असतं, मी ब्रेक दाबून तू थांबणार न्हाईस. उलट मीच लांब पडतो. तरी आवळतो. ते ठिपके कुठं कुठं पडलेत, बघितलंस कधी? नुसतं मोजत बसलीस.”

मी उठून खिडकीशी गेले. खाली रिक्षा उभ्या होत्या. मला रडू येत होतं आणि त्या रडण्यात, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही होता, की तिच्यासाठी याच्या काळजाचा ठोका चुकत नाही. मग त्या आनंदाचीच मला शरम वाटली.

हाड जुळलं, तार त्याने स्वतःच पूर्ववत केली, आणि आम्ही पुन्हा दोर बांधला. मी शपथ घेतल्यासारखी चालवत होते. डावी लेन सोडली नाही, एकाही ट्रॉलीच्या वाटेला गेले नाही, बैलगाडीसुद्धा मागे टाकायच्या आधी विचार केला. गेटवर फोन उघडला. नकाशा आधीपेक्षा वाईट होता. मोकळ्या सरळ रस्त्यावर ठिपके, पुलावर ठिपके, जिथं काहीच नव्हतं तिथंही ठिपके. अंतर इतकं सारखं पडत-मिटत होतं, की मागून येणाऱ्या टेंपोने दोनदा करकचून ब्रेक मारला होता.

धैर्यशील गाडीवरच बसून दुखरा खांदा चोळत होता. “तू कितीबी सावकाश चालव,” तो म्हणाला, “आता न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. डोळ्यापुढनं ती ट्रॉली हलत न्हाई. मी येतो एकटा, वेगळा. इंधन जळू दे जळलं तर.”

एकटा म्हणजे रमतगमत, दोन्हीकडे बघत, सुसाट ट्रकांच्या रांगेत. दोर नसलेल्या गाड्यांकडे आता हायवेवर कुणी लक्षही देत नाही. मी त्या दिवशी पॅकिंगला चुकीच्या मापाचे शर्ट भरले. सुपरवायझरने झापलं, तेही नीट ऐकलं नाही. सुटी झाल्यावर फौंड्रीच्या गेटवर गेले आणि गौतमी बाहेर येईपर्यंत थांबले.

“वहिनी? दादा बरं हाईत न्हवं?”

“बरा हाय.” पुढचं वाक्य या बाईला म्हणावं लागेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला हाणलं असतं. “उद्यापासनं त्याला तुझ्या मागं घेऊन जा. रोज. माझी सकाळ असली तरी.”

तिने चष्मा काढून पुसला. “तुमचं भांडण झालं काय?”

“न्हाई. तुझ्या मागं तो नीट जातो.” मग मला राहवलं नाही. “आणि त्याला काय गुणी-बिणी म्हणायची गरज न्हाई.”

ती हसली नाही, हे तिचं नशीब. “म्हणत न्हाई,” म्हणाली. “सांभाळून नेते, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी वाठार फाट्यावर धैर्यशीलने तिला चहा पाजला आणि मला विचारलं, तू घेणार का. मी नको म्हटलं. त्यांनी दोर बांधला. त्याने कानात गाणी लावली, मान खाली घातली, खांदे सैल सोडले, आणि त्या दोन गाड्या चढाला लागल्या. मी त्यांना थोडं पुढे जाऊ दिलं आणि एकटीच मागून निघाले. समोरून हवेचा सगळा जोर छातीवर येत होता. मला ती बाई त्या दिवशीही आवडत नव्हती, आणि आजही आवडत नाही.

नागाव फाट्याला डावीकडून उसाची ट्रॉली तोंड काढत होती. गौतमीने लांबूनच वेग कमी केला, लेन सोडली आणि ऐसपैस वळसा घेतला. धैर्यशीलने मानसुद्धा वर केली नाही. आणि इकडे, त्यांच्यापासून इतक्या लांब, मोकळ्या रस्त्यावर माझा हात ब्रेकवर असा आवळला गेला, की माझी गाडी जागच्या जागी रुतली. मागचा ट्रकवाला कर्कश हॉर्न मारत, मला आईबहिणीवरून शिव्या देत बाजूने निघून गेला.